संकलन रजिस्टरातला एक रकाना: कोयनेच्या धरणग्रस्त खात्याचे प्रकरण

धरणग्रस्ताला जमीन का मिळाली नाही, असे पुनर्वसन शाखेत विचारले तर उत्तर बहुधा कागदाबद्दल येते. निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची, नक्कल जोडलेली नाही. वारस दाखला अपुरा आहे. संकलनात, म्हणजे पुनर्वसनाच्या नोंदवहीत, नाव नाही. जमीनच देणार नाही, असे कुणी तोंडावर सांगत नाही. या लेखात त्या कागदांचाच माग काढला आहे. विकासाचा हक्क ही संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातली भारदस्त गोष्ट सातारा-सांगलीत नेमकी कुठे अडून बसते, ते तिथेच कळते.

प्रकरण कोयनेचे आहे. पुढे येणारे खाते मात्र कुणा एका कुटुंबाचे नाही. जुन्या प्रकल्पांच्या फायलींत जे पेच पुन्हापुन्हा दिसतात, ते एका खात्यावर मांडले आहेत. खात्याचे क्षेत्र, रक्कम आणि वारसांची संख्या हिशेब समजावा म्हणून धरली आहे. धरण, कायदे आणि तारखा जशा आहेत तशाच.

खाते

पाटण तालुक्यात हेळवाकजवळ कोयना नदीवर धरणाचे काम १९५०च्या दशकात सुरू झाले. भिंत १०३ मीटर उंच, मागे शिवसागर जलाशय, साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पाणी पाटणबरोबरच जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांच्या खोऱ्यात पसरले. ते बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवून वीज करतात आणि तिथून ते वाशिष्ठी नदीत जाते. सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह धरून क्षमता १,९६० मेगावॉट.

आपल्या खात्यावर खोऱ्यात ७ एकर २० गुंठे जमीन होती. नदीकाठची भातखाचरे १ एकर १० गुंठे आणि बाकीची ६ एकर १० गुंठे वरकस, म्हणजे उतारावरची नाचणी-वरीची. पाण्याखाली गेली सगळी खाचरे आणि २ एकर १० गुंठे वरकस, एकूण ३ एकर २० गुंठे. उरलेले ४ एकर पाणीरेषेच्या वर राहिले. सातबाऱ्यावर नाव थोरल्या भावाचे आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे आणखी तीन भाऊ उभे होते. आज चार शाखांत मिळून अठरा वारस आहेत. दोन शाखा सांगली जिल्ह्यातल्या वसाहतीत, एक मुंबईत, आणि एक अजून जलाशयाच्या वरच्या वाडीत.

मोबदला दिला म्हणजे काय दिले

त्या काळी हाताशी कायदा एकच होता, १८९४चा भूसंपादन कायदा. कलम ४ची अधिसूचना, कलम ६ची घोषणा, कलम ९ची नोटीस, कलम ११चा निवाडा, अशा त्याच्या पायऱ्या. बाजारभाव धरायचा तो कलम ४च्या तारखेचा. त्यावर १५ टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम. १९८४च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली, पण कोयनेच्या माणसांना त्याचा काय उपयोग. निवाडा मान्य नसेल तर कलम १८खाली दिवाणी न्यायालयाकडे संदर्भ मागता येई. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला मुदत सहा आठवड्यांची. हजर नसलेल्याला नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. शिवाय रक्कम निषेध नोंदवून स्वीकारलेली हवी. अंगठा उठवून पैसे घेतले आणि ‘निषेध’ हा एक शब्द लिहायला कुणी सांगितले नाही, तर ते दार कायमचे बंद.

समजा निवाडा १,४०० रुपयांचा झाला. त्यात २१० रुपये दिलासा रक्कम मिळवून १,६१० झाले. चार भावांत प्रत्येकी ४०२ रुपये ५० पैसे.

या हिशेबात वरचे ४ एकर कुठेच नाहीत. कायद्यात सोय नव्हती असेही नाही. जमिनीचा तुकडा तोडून घेतल्याने उरलेल्या जमिनीचे जे नुकसान होते, ते मोबदल्यात धरायची तरतूद कलम २३मध्ये होती. पण ते नुकसान मागावे लागे, दाखवावे लागे, आणि तेही निवाडा होण्याआधी. खोऱ्यातली शेती ज्याने पाहिली आहे त्याला हे नुकसान समजावून सांगावे लागत नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे रोपाची जागा जाळून तयार करायची, तर कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पाला वरकसातून यायचा, वरकसात पडणारे शेणखत खालच्या गोठ्यातून जायचे आणि गोठा भाताच्या पेंढ्यावर चालायचा. खाचर बुडाले तेव्हा वरकस कागदावर शाबूत राहिले, कसायला मात्र उरले नाही. मोजणीदाराच्या नकाशात ते ‘असंपादित’ आहे.

कुळांचे आणखी वेगळे. मुंबई राज्याच्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी कसणारे कूळ मालक समजले गेले. जी जमीन त्याआधीच संपादनात गेली, तिच्या कुळाला मालकी मिळण्याचा दिवस उजाडलाच नाही. निवाड्यात नाव सावकाराचे किंवा खोताचे, आणि घर बुडाले कुळाचे. गायरान, जंगलातला हिरडा, नदीतले मासे, बलुतेदाराचा गावातला वाटा यांना तर रकानाच नव्हता.

ठराव ४१/१२८

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ४ डिसेंबर १९८६ रोजी ठराव ४१/१२८ने विकासाच्या हक्काचा जाहीरनामा संमत केला. बाजूने १४६ मते पडली, त्यांत भारताचे एक. विरोधात एकटी अमेरिका, आणि आठ देश तटस्थ. जाहीरनामा हा करार नव्हे, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवून कुणाला थेट दावा लावता येत नाही. हे आधीच मान्य केलेले बरे, कारण आंदोलनाच्या पत्रकांत त्याचा उल्लेख कायद्यासारखा होतो आणि समोरचा अधिकारी पहिल्याच वाक्याला तो उडवून लावतो.

तरीही तो वाचण्यासारखा आहे, कारण विकास कुणाचा आणि देणेकरी कोण, याची त्याने उलटी मांडणी केली. कलम २ माणसाला विकासाचा केंद्रबिंदू ठरवते, तो त्यात सहभागी हवा आणि लाभार्थीही हवा. त्याच कलमाचा तिसरा भाग सांगतो की विकासाचे धोरण आखणे हा राज्यसंस्थेचा हक्क आहे आणि कर्तव्यही. ते धोरण सगळ्या लोकसंख्येचे आणि प्रत्येक व्यक्तीचे जीवनमान सुधारणारे हवे, लोकांच्या सक्रिय, मुक्त आणि अर्थपूर्ण सहभागावर उभे हवे, आणि लाभाचे वाटप न्याय्य हवे. ‘प्रत्येक व्यक्ती’ हे शब्द कोयनेच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहेत. राज्याला वीज मिळाली, म्हणजे धरणग्रस्तालाही मिळालीच, हा युक्तिवाद त्या दोन शब्दांपुढे टिकत नाही. कलम ३ प्राथमिक जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. कलम ८ मूलभूत संसाधने, शिक्षण, आरोग्य, अन्न, घर, रोजगार यांत समान संधी मागते आणि स्त्रियांच्या सहभागाची वेगळी दखल घेते. १९९३च्या व्हिएन्ना मानवी हक्क परिषदेने हा हक्क पुन्हा मान्य केला आणि विकास झालेला नाही ही सबब सांगून मानवी हक्क आखडता येणार नाहीत, असे त्यात जोडले.

बंधनकारक बाजू दुसरीकडे आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा १९६६चा करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला आणि पुरेशा राहणीमानाचा हक्क त्याच्या कलम ११मध्ये येतो. देशातल्या न्यायालयांनी राज्यघटनेच्या कलम २१मधून वाट काढली. नर्मदा प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ विस्थापनामुळे मूलभूत हक्कांचा भंग होत नाही, नव्या जागी लोकांची स्थिती पहिल्यापेक्षा चांगली व्हायला हवी. सरकारी वकील यातला पहिला अर्धा भाग वाचून दाखवतात. टिहरी धरणाच्या एन. डी. जयाल प्रकरणात २००३ साली न्यायालय आणखी पुढे गेले: विकासाचा हक्क म्हणजे नुसती आर्थिक भरभराट किंवा बांधकाम नव्हे, त्यात मूलभूत मानवी हक्कांची हमी येते, आणि पुनर्वसन हे कलम २१चेच फलित आहे. वसाहतीचा अर्ज लिहिताना आधार घ्यायचा तो या निकालाचा. ठराव ४१/१२८ त्याच्या पाठीशी ठेवावा.

कायदा आला, रजिस्टर मागून

महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा केला, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या दहा वर्षे आधी. पुढे १९८६चा आणि मग १९९९चा अधिनियम आला. केंद्राचा कायदा व्हायला २०१३ उजाडले आणि तो १ जानेवारी २०१४ला अमलात आला. या बाबतीत राज्य मागे होते असे म्हणता येणार नाही. घोडे पेंड खाते ते पुढे.

या कायद्यांचा गाभा असा: बुडीत क्षेत्रात जमीन गेलेल्याला लाभक्षेत्रात, म्हणजे प्रकल्पाचे पाणी मिळणाऱ्या भागात, पर्यायी जमीन द्यायची. त्यासाठी लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून ठरावीक स्लॅबप्रमाणे, म्हणजे धारण क्षेत्राच्या टप्प्यांनुसार, जमीन काढून घ्यायची. प्रकल्प अधिसूचित झाला की दोन्ही क्षेत्रांतल्या व्यवहारांवर निर्बंध. नवे गावठाण वसवताना रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा द्यायच्या. वसाहतीत त्यांना ‘अठरा सुविधा’ म्हणूनच ओळखतात. शिवाय शासकीय नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण.

आता ही चौकट कोयनेला लावून पाहा. पहिली अडचण काळाची. माणसे उठली ती कायदा होण्याच्या किती तरी आधी, त्यामुळे नंतरच्या तरतुदी मागे नेऊन लावाव्या लागतात. दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. स्लॅबची कल्पना कालव्याच्या प्रकल्पासाठी जन्मली. कालव्याचे लाभक्षेत्र नकाशावर रंगवता येते. विजेचे लाभक्षेत्र कसे रंगवणार? पोफळीची वीज ज्या कारखान्यांना आणि शहरांना गेली, त्यांच्याकडून किती एकर कापायचे, हे कुठल्याही अनुसूचीत नाही. लाभ अख्ख्या राज्यात विखुरला आणि जमीन द्यायची वेळ आली तेव्हा ती एखाद्या गावच्या गायरानातून किंवा वनजमिनीतून शोधली गेली. तिथले लोक साहजिकच आडवे आले. यजमान गाव आणि वसाहत यांच्यात जो तंटा दिसतो, त्याचे मूळ या हिशेबात आहे, माणसांच्या स्वभावात नाही. जाहीरनाम्याच्या कलम ३ची प्राथमिक जबाबदारी राज्यावर असणे म्हणजे व्यवहारात हेच: लाभ राज्याने घेतला असेल तर जमीन विकत घेऊन देण्याचा खर्चही राज्याच्या तिजोरीतून व्हावा.

तिसरी अडचण ६५ टक्क्यांची. पर्यायी जमिनीच्या कब्जेहक्काच्या रकमेपोटी मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम शासनाकडे भरायची, अशी अट या कायद्यांत आहे. नव्या प्रकल्पात हे मोबदला देतानाच वळते करून घेता येते. जुन्या खात्याचे काय? आपल्या उदाहरणात १,४००चे ६५ टक्के म्हणजे ९१० रुपये. आज ही रक्कम किरकोळ आहे, पण भरल्याचे चलन हवे. ज्या काळात अट नव्हती त्या काळात चलन कुठून येणार? म्हणून फाईल ‘६५ टक्के भरणा आढळत नाही’ या शेऱ्यावर येऊन थांबते. शेरा मारणाराही चुकीचा नसतो, कारण त्याच्यासमोरच्या रकान्यात खरोखरच काही नाही.

रजिस्टर उघडल्यावर

संकलन रजिस्टर म्हणजे पुनर्वसनाची खतावणी. खातेदाराचे नाव, गाव, सर्व्हे नंबर, संपादित क्षेत्र, मोबदला, कुटुंबातल्या व्यक्ती, भरणा, देय क्षेत्र, वाटप क्षेत्र, शिल्लक आणि शेवटी शेरा, असे साधारण रकाने. जमीन मिळणार की नाही, ते ‘देय क्षेत्र’, म्हणजे द्यायची जमीन, या रकान्यावर ठरते. आणि हा रकाना भरणाऱ्याला संपादनाचे जुने कागद वाचता येणे, एवढ्या एका गोष्टीवर सगळे टांगलेले असते.

आपल्या खात्यात संपादित क्षेत्र ३ एकर २० गुंठे. जुन्या कागदावर ते ‘३-२०’ असे असते. नव्या यादीत उतरवताना ‘३.२०’ होते. पुढे ती यादी संगणकात जाते आणि ३.२० हा दशांश अपूर्णांक म्हणून वाचला जातो. ३.२० एकर म्हणजे ३ एकर ८ गुंठे. बारा गुंठे कुणी न घेता गेले. हेक्टरमध्ये बदलताना खरे उत्तर १ हेक्टर ४२ आर यायला हवे, येते १ हेक्टर २९ आर. उलटी चूकही होते: तोच आकडा हेक्टर समजला गेला तर देय क्षेत्र सव्वादोनपटीच्या आसपास फुगते, तपासणीत सापडते, आणि मग संपूर्ण खाते संशयित ठरून बाजूला पडते. म्हणून संकलनाची प्रत हाती आली की सर्वांत आधी क्षेत्राचा रकाना निवाड्याशी आणि कजापाशी, म्हणजे कमी-जास्त पत्रकाशी, जुळवून पाहायचा. नावे नंतर.

नावांचा घोळ ‘ए.कु.मॅ.’पासून सुरू होतो. निवाड्यात थोरल्याचे नाव होते, रजिस्टरात तेच उतरले, आणि त्याच्या शाखेतले वारस लागले. बाकीच्या तीन शाखा कागदावर नाहीतच. जुन्या सातबाऱ्यावर आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांतला प्रत्येकाचा हिस्सा, लिहिलेली असेल तर काम सोपे होते, चार भावांचे चार-चार आणे दिसतात. नसेल तर जुने फेरफार काढावे लागतात. इथे एक बारकावा पाहायला हवा. संपादनाआधी खातेफोड, म्हणजे खात्याची कागदोपत्री वाटणी, झाली असेल तर चार खाती, चार देय क्षेत्रे. संपादनानंतर वाटणी झाली असेल तर खाते एकच, देय क्षेत्र एकच आणि त्यात चौघांचा हिस्सा. बरेच अर्ज हा फरक न पाहता चार स्वतंत्र खाती मागतात आणि चारही फेटाळले जातात. मुलींची नावे तर बहुतेक जुन्या वारस नोंदींत नसतातच. ती घालायला लावावीत, कारण पुढे एखाद्या बहिणीने हरकत घेतली की वाटप झालेली जमीनही अडकते.

नावाचे रूपही बदललेले असते. निवाड्यात ‘रामा बाळा’, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘रामचंद्र बाळू’, आधारवर तिसरेच. यावर प्रतिज्ञापत्र चालते, पण एकट्या प्रतिज्ञापत्रावर हरकतीच्या वेळी निभाव लागत नाही. त्याला ग्रामपंचायतीचा किंवा जुन्या मतदार यादीचा उतारा जोडावा. आणि तलाठ्याने वारस नोंद घेतली म्हणजे झाले असे समजू नये. वाद असेल तर १८२७च्या मुंबई रेग्युलेशन ८खालचा वारस दाखला दिवाणी न्यायालयातूनच काढावा लागतो.

शिवाय जिल्हा. १९४९मध्ये साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६०मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. १९५८च्या निवाड्याच्या माथ्यावर ‘जिल्हा उत्तर सातारा, मुंबई राज्य’ असे असू शकते. कागद साताऱ्याच्या अभिलेख कक्षात, जमीन सांगलीत. सातारा म्हणते वाटप आमच्याकडे नाही, सांगली म्हणते पात्रता साताऱ्याने ठरवावी. दोन्ही कार्यालये आपापल्या जागी बरोबर असतात आणि खातेदार एसटीच्या फेऱ्या मारतो. त्याचे देणे जिल्हाधिकारी लागत नाही, राज्य लागते. दोन कार्यालयांतला पत्रव्यवहार हे राज्याचे घरातले काम आहे.

जमीन मिळाल्यावरचे चार एकर

वसाहतीतल्या दोन शाखांना जमीन मिळाली असे धरू. ताबा पावती झाली, सातबारा झाला, धारणाप्रकार भोगवटादार वर्ग २. परवानगीशिवाय विकता येत नाही आणि कर्ज मागायला गेले की बँक का-कू करते. जमीन माळाची, पाणी नाही. इथे एक विचित्र गोष्ट घडते. कोयनेचे जे पाणी पायथ्याच्या वीजगृहातून पूर्वेला सुटते ते कराडला कृष्णेला मिळते, आणि कराडच्या खालून टेंभू योजना ते उपसून सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात नेते. ज्या पाण्यासाठी घर सोडले ते पाणी वसाहतीच्या शेजारून वाहते. पण वसाहत कालव्याच्या वरच्या अंगाला असेल किंवा लाभक्षेत्राच्या रेषेबाहेर पडत असेल, तर ते शिवारात येत नाही. पर्यायी जमीन ‘लाभक्षेत्रात’ द्यायची असते, या एका शब्दाचा भंग इथे मोजता येतो. अर्जात ‘पाणी द्या’ असे मोघम लिहू नये. गट नंबर, कालव्याची चारी आणि आपला गट लाभक्षेत्राच्या यादीत आहे की नाही, हे पाटबंधारे उपविभागाकडून लेखी घ्यावे.

वरच्या वाडीतली शाखा आणखी अडचणीत. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाने खोरे हादरले. १९८५मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि २०१०मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. असंपादित राहिलेले ते ४ एकर आता संरक्षित क्षेत्राच्या नियमांत आहेत. बामणोली-तापोळ्याकडच्या काही वाड्यांना आजही लाँचचाच आधार. रस्ता मागितला की १९८०चा वनसंवर्धन कायदा येतो, केंद्राची पूर्वपरवानगी लागते. स्थलांतर मागितले की विचारले जाते, तुमची जमीन संपादित कुठे झाली? या शाखेने पुनर्वसन शाखेकडे एकट्याने जाऊ नये. २००६च्या वनहक्क कायद्याखालचा दावा आधी ग्रामसभेतून दाखल करावा, कारण व्याघ्र प्रकल्पातून उठवायचे झाले तर हक्कांची निश्चिती आणि ग्रामसभेची संमती लागते. निश्चित न झालेला हक्क मोबदल्यात धरला जात नाही, हे खाचरांच्या वेळी एकदा झालेले आहे.

फाईल कशी हलवायची

पहिला अर्ज जमिनीसाठी करू नये, माहितीसाठी करावा. माहिती अधिकारात १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून चार गोष्टी नेमक्या मागाव्यात: आपल्या गावाचे संकलन रजिस्टर, निवाड्याची नक्कल, मोबदला वाटपाचा तक्ता आणि वाटप झालेल्या जमिनींची यादी. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे लिहिले की ‘माहिती विस्तृत आहे’ असे उत्तर येते. मुदत ३० दिवस, नंतर पहिले अपील. कजाप मात्र पुनर्वसन शाखेत सापडत नाही, तो भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे असतो.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर आले तर निराश होऊ नये, खरे तर प्रकरण तिथे मजबूत होते. निवाडा करणारे, पैसे वाटणारे, रजिस्टर ठेवणारे सगळे राज्यच. तो कागद जपण्याची जबाबदारी विस्थापित माणसाची कधीच नव्हती. त्या लेखी उत्तराच्या आधारावर अशी मागणी करावी की मूळ अभिलेख नसल्याने पात्रता उपलब्ध दुय्यम पुराव्यावर ठरवावी: जुना सातबारा, फेरफार, बुडीत गावची मतदार यादी, शाळेचे रजिस्टर. ही मागणी नाकारायची तर कारण लेखी द्यावे, हेही त्यातच लिहावे.

उशीर झाला, हा आक्षेप येणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या विद्यादेवी प्रकरणात, १९६७-६८मध्ये रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीबाबत, राज्याने उशिराची आणि प्रतिकूल ताब्याची (दीर्घकाळ ताबा असल्याने मालकी मिळाल्याच्या दाव्याची) ढाल पुढे करणे मान्य केले नाही. पण तिथे संपादनच झाले नव्हते, आपल्याकडे निवाडा झालेला आहे. त्यामुळे तो निकाल वाढीव मोबदल्यासाठी वापरायला गेलात तर पाय घसरेल. पर्यायी जमिनीचे देणे अजून फिटलेले नाही आणि ते रोज चालू आहे, एवढ्याच मुद्द्यावर तो कामाला येतो. वाढीव मोबदल्याचा विषय कलम १८ची मुदत संपली तेव्हाच संपला. दोन मागण्या एका अर्जात मिसळल्या की चांगली मागणीही वाईट मागणीबरोबर बुडते.

सामूहिक जोर लागतो तो नियमांच्या पातळीवर. २०१८मध्ये कोयनानगरला श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी ठिय्या दिला, तेव्हाही विषय साठ वर्षांपूर्वीच्या पुनर्वसनाचाच होता. ६५ टक्क्यांच्या चलनाची अट जुन्या खात्यांना कशी लावायची, वारसांच्या शाखा कशा धरायच्या, हे एकेका खात्याच्या सुनावणीत सुटत नाही. त्याला शासन निर्णय लागतो. खात्याची फाईल आणि ही मागणी, दोन्ही एकाच वेळी चालवाव्या लागतात.

अर्जावर चारही शाखांच्या अठरा वारसांच्या सह्या घ्याव्यात, मुंबईच्या शाखेच्याही. एका शाखेने परस्पर अर्ज केला की उरलेल्या तिघांची हरकत येते आणि वाटप थांबते. अर्ज साताऱ्याच्या जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांना, प्रत सांगलीला आणि एक प्रत पुण्याच्या विभागीय आयुक्तांना. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे महसूल विभागात असल्याने पात्रता कुणी ठरवायची हा तंटा आयुक्त मिटवू शकतात. रायगड किंवा ठाण्यात जमीन दिलेल्या खात्यांचे तसे नाही. ते जिल्हे कोकण विभागात आहेत, तेव्हा त्यांची प्रत मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे पाठवावी, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.